लातूर न्हाई, लातविया!

यंदा सतरा सप्टेंबरला हदगावच्या माझ्या जुन्या शाळेनं मला झेंडावंदनाला पाहुणी म्हणून बोलावलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषण मी आवरतं घेतलं. समोर उन्हात उभ्या पोरींची चुळबुळ दिसत होती आणि त्या चुळबुळीत मी स्वतः सहा वर्षं काढली आहेत. कार्यक्रम आटोपला तशी चहाच्या घोळक्यातून निसटले आणि भूगोलाच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

तिथं आता कॉम्प्युटर मांडलेत. पण मागच्या भिंतीवर नकाशे टांगायच्या खुंट्या तशाच आहेत आणि वासही तोच आहे. खडूची भुकटी, कोंदटलेलं कापड, खिडकीबाहेरच्या कडुलिंबाचा ओला कडवटपणा. मागून एक तरुण शिक्षिका आली.

“मॅडम, काय शोधून राहिल्या?”

“माझं भांडण,” मी म्हणाले. “इथंच झालं होतं.”

ती बिचारी कसंनुसं हसली. बाईंना ऊन लागलं असं तिला वाटलं असावं.

बाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगावी लागते. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना दोन स्वातंत्र्यदिन. पंधरा ऑगस्ट सगळ्यांचा, सतरा सप्टेंबर आमचा. देश सुटला तेव्हा आमचा मुलूख निजामाकडंच होता. आम्हाला आणखी तेरा महिने थांबावं लागलं. सरकारी थाटमाट पुढं आला, पण आमच्या शाळेत त्या दिवशी साधंसं झेंडावंदन व्हायचं आणि द्रोणभर बुंदी मिळायची. बुंदीच्या आधी मात्र कदम सरांची गोष्ट ऐकावी लागायची. कदम सर आमचे भूगोलाचे. ते लहान असताना निजामाच्या शाळेत ‘माझा देश’ याच्यापुढं त्यांनी पाटीवर ‘भारत’ लिहिलं होतं. मास्तरांनी छडी मारली, ते पुसायला लावलं आणि ‘हैदराबाद’ लिहून घेतलं. दरवर्षी सर तळहात उंच करून दाखवायचे, “हा तो हात!” आणि आम्ही पोरी पदराआड, म्हणजे ओढणीआड, खुसुखुसू हसायचो. लाज वाटते आता.

तेव्हा वह्यांना कव्हर घालायला रशियाच्या मासिकाचा कागद मिळायचा. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या डॉक्टरांकडं ते मासिक मराठीतून यायचं आणि वाचून झालं की बाबांच्या पिशवीतून आमच्या घरी. काय तो कागद! जाड, गुळगुळीत, नव्या चपलेसारखा वास. जूनमध्ये आख्खा वर्ग त्या वासानं भरून जायचा. कुणाच्या इतिहासावर ट्रॅक्टर, कुणाच्या गणितावर अंतराळवीर. माझ्या भूगोलाच्या वहीवर डोक्यात पानांचे मुकुट घालून गाणाऱ्या पोरींची रांग होती आणि खाली लिहिलं होतं, ‘लातवियातील गायनोत्सव’.

आता तुम्हीच सांगा, हदगावची सातवीतली पोरगी हे वाचून काय समजेल? मला वाटलं, लातूरचंच हे पुस्तकी नाव असणार. लातूरच्या पोरी अशा गोऱ्यापान असतात आणि डोक्यात झाडपाला खोवून गातात, हे मी चार जणींना छातीठोकपणे सांगूनही टाकलं. एकीची मावशी लातूरजवळच्या मुरुडला राहायची. ती म्हणाली, “माझ्या मावशीकडं तर असं कुणी न्हाई बाई.” मी म्हटलं, “मुरुड म्हणजे काय लातूर हाय का?”

त्या पानाच्या मागच्या बाजूला पत्रमैत्रीचे पत्ते होते. इल्झे, वय बारा, रिगा, लातविया. बाबांनी ॲटलास उघडून बोट ठेवलं तेव्हा माझं लातूर कोसळलं. पार वर, थंड समुद्राच्या काठाला, सोव्हिएत संघाच्या अवाढव्य गुलाबी रंगात एक चिंचोक्याएवढी जागा. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि तीन दिवसांत एक पानभर इंग्रजी पत्र लिहिलं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं निघालं, म्हणून आमचं छान जमलं.

पत्र यायला महिना लागायचा, कधी दीड. पोस्टमन उत्तममामा फाटकातूनच ओरडायचे, “घे गं, लातूरचं पत्र!”

“मामा, लातूर न्हाई, लातविया!”

“तेच ते. तिकिटं मात्र लई भारी लावत्यात लातूरवाले.”

आईला ‘इल्झे’ कधी म्हणताच आलं नाही. ती म्हणायची इलायची. “तुझ्या इलायचीनं काय धाडलं बघ.” पाकिटातून कधी वाळलेलं ओकचं पान निघायचं, कधी दोन इंचांची विणलेली पट्टी. एकदा पुडीत बारीक दाणे आले. आईनं हुंगले आणि डोळे मोठे केले. “अगं माय, हे तर शहाजिरं! तिकडं पण बिर्याणी करत्यात काय?” मी विचारलं तर उत्तर आलं, जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवसाला ते चीजमध्ये घालतात, रानात गाणी म्हणतात आणि डोक्यात पानांचा मुकुट घालतात. आईनं त्यातल्या थोड्या दाण्यांची फोडणी भाताला दिली. त्या दिवशी आमचं घर थोडंसं रिगा झालं होतं.

मी तिला आमच्या दोन झेंडावंदनांबद्दल लिहिलं. तिचं उत्तर नेहमीपेक्षा लांब होतं. आमचाही एक दिवस आहे, नोव्हेंबरातला, तिनं लिहिलं होतं, पण त्याचं नाव मोठ्यानं घेता येत नव्हतं. आमचा झेंडा गडद लाल, मधोमध पांढरा पट्टा. यंदा तो रस्त्यावर उघडा फडकताना दिसला आणि माझी आई भर रस्त्यात उभी राहून रडली. शेवटी एक ओळ होती, तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या. मी रशियन नाही, मी लातवियन आहे, कृपा करून लक्षात ठेव. मला एकदा लक्षात ठेव म्हटलं की मी विसरत न्हाई. हा माझा गुण म्हणा की खोड म्हणा.

एकोणनव्वदच्या दिवाळीच्या सुमाराला पुढचं पत्र आलं. त्यात तिनं लिहिलं होतं की ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आम्ही सगळे रस्त्यावर हात धरून उभे राहिलो. एस्टोनियापासून लातवियातून लिथुएनियापर्यंत, तीन देशांची एकच रांग. माझा डावा हात आईच्या हातात होता, उजवा एका अनोळखी म्हाताऱ्याच्या, आणि त्याच्या हाताला सफरचंदाचा वास येत होता. मी बाबांना विचारलं, एवढी रांग म्हणजे केवढी? बाबांनी ॲटलासवर दोरा ठेवून मोजलं. म्हणाले, “हदगावातून हात धरायला सुरुवात केली तर मुंबईला पोचंल.” आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या दोऱ्याकडं बघत बसलो.

आणि त्याच महिन्यात ते झालं.

नांदेडला जिल्ह्याचं शालेय प्रदर्शन होतं. आमच्या शाळेतून तिथं कधी कुणी गेलेलं नव्हतं. कदम सरांनी मांजरपाटावर जगाचा नकाशा काढायला मला निवडलं. नकाशा नांदेडला जाणार म्हणजे मीही जाणार. दोन दिवस मुक्काम, विष्णुपुरीचं धरण, गोदावरीचा घाट, सगळं पाहायचं होतं. आठ दिवस मी घरात नांदेडशिवाय दुसरं बोलले नाही. कपाशी वेचायला गेलेल्या बायकांनासुद्धा मी बांधावरून सांगितलं होतं.

वाटीत गुलाबी रंग कालवला होता. सोव्हिएत संघ भरता भरता माझं बोट त्या चिंचोक्यापाशी थांबलं. मी ब्रश धुतला आणि तेवढी जागा पोपटी केली. एस्टोनिया आणि लिथुएनिया गुलाबीच राहिले. त्यांची माझी ओळख नव्हती.

सर नकाशावर वाकले. “हे पोपटी काहून?”

“सर, तो वेगळा देश हाय. लातविया.”

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “लातूर! लातूर वेगळा देश झाला!” आणि वर्ग फुटला.

“छापील नकाशात हाय का असं?” सरांनी विचारलं.

“न्हाई, सर.”

“मग कुणी सांगितलं?”

“माझ्या मैत्रिणीनं. ती तिथं राहते.”

“अगं, नांदेडचे परीक्षक मला इचारतील. त्यांना काय सांगू, पोरीच्या मैत्रिणीनं पत्रात लिहिलं म्हणून? गुलाबी भर. उद्या सकाळी नकाशा न्यायचा हाय.”

एक बोट फिरवलं असतं की झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. इल्झे काय हदगावला तपासायला येणार होती? मला नांदेडला जायचं होतं हो, जीव तुटत होता माझा! पण त्या दोन रेघा डोळ्यांपुढून हलेनात. मी ब्रश खाली ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, “सर, तुमच्या पाटीवरचं पुसलं तेव्हा तुम्हाला बरं वाटलं होतं का?”

सरांनी मला मारलं नाही, रागावले नाहीत. “बस खाली,” एवढंच म्हणाले. माझा नकाशा गुंडाळून कपाटावर गेला. नांदेडला दुसऱ्या एका मुलीचा महाराष्ट्राचा नकाशा गेला आणि दुसरं बक्षीस घेऊन आला. टाळ्या मीही वाजवल्या, दात-ओठ खात. मला ‘लातूरकरीण’ हे नाव पडलं ते पडलंच, आणि सर त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलू लागले.

घरी येऊन मी रडले. बाबा सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना म्हणायचे. त्या संध्याकाळची आटोपून ते शेजारी बसले. त्यांच्या अंगाला टिंक्चरचा वास होता. म्हणाले, “ती पोरगी तिथलीच हाय ना?”

“हाव.”

“मग माय, घर कुणाचं हाय ते घरच्याला इचारावं, का रस्त्यानं जाणाऱ्याला? तू बरोबर हायेस. पण बरोबर असल्याचं बक्षीस लगेच मिळंल असं समजू नको.”

ते बक्षीस कसलं होतं ते मी गेल्या जूनमध्ये माझ्या डोळ्यांनी बघून आले. आता मी खरीखुरी लातूरकरीण आहे, तिथंच कॉलेजात भूगोल शिकवते. माझी भाची माझा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरत होती. तिनं ‘लात’ एवढंच टाइप केलं आणि कॉम्प्युटरनं माझं राहण्याचं ठिकाण लातविया करून टाकलं. “मावशी, तू तर तिथलीच हायेस, व्हिसा कशाला पाहिजे?” आम्ही दोघी पोट धरून हसलो.

रिगाच्या विमानतळावर इल्झे उभी होती. केस पांढरे, हातात ओकच्या पानांचा मुकुट. मी छप्पन्न माणसांसमोर तो डोक्यात घातला. काय शहर आहे! घरांच्या भिंतींवर दगडी चेहरे, कुणी हसतंय, कुणी किंचाळतंय, आणि खालून चालणारे पर्यटक माना वर करून एकमेकांवर आदळतात. जुन्या काळची फुग्यासारखी हवाई जहाजं ठेवायच्या भल्यामोठ्या छपरांखाली भरणारा बाजार. धुरी दिलेल्या मासळीचा, शेपूचा, काळ्या भाकरीचा वास. शेपू दिसल्यावर मी आनंदानं ओरडलेच. चौकात त्यांच्या स्वातंत्र्याचं स्मारक म्हणून उंच खांबावर तीन तारे धरलेली बाई उभी आहे. एकेकाळी तिच्या पायाशी फूल ठेवायला माणूस घाबरायचा, आज तिथं नवरा-नवरी फोटो काढतात. इल्झे शाळेत गाणं शिकवते. तिनं मला गाडीनं एस्टोनियाच्या सरहद्दीवर नेलं. त्याच रस्त्याच्या काठानं कधीकाळी ती रांग उभी होती. चौकीच्या खोलीला कुलूप होतं, दारात गवत वाढलं होतं. ना शिपाई, ना शिक्का. आम्ही पायी पलीकडं गेलो, कॉफी प्यायलो, परत आलो. “बस, एवढंच?” मी विचारलं. ती म्हणाली, “एवढ्यासाठीच तर सगळं केलं.” त्यांच्याकडं निवडणुका होतात, लोक सरकारला मनसोक्त शिव्या देतात, पोरं कामाला आयर्लंडला पळतात, जशी आमची पुण्याला. मोठ्या शेजाऱ्याची धास्ती अजून आहे. पण झेंडा खिडकीखिडकीतून लोंबतो आणि त्याला कुणी लपवत नाही.

हे सगळं आज सांगता येतं. एक्क्याण्णवच्या जानेवारीत काय माहीत होतं? तेव्हाच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, खेड्यांतून शेतकरी ट्रॅक्टर आणि लाकडाचे ओंडके घेऊन आलेत, सोव्हिएत रणगाडे शिरू नयेत म्हणून रस्ते अडवलेत, शेकोट्या पेटवल्यात, आई अनोळखी लोकांसाठी मोठ्या पातेल्यात सूप करते. त्यानंतर पत्रं बंद झाली. फेब्रुवारी गेला, उन्हाळा गेला, पोळा झाला. उत्तममामा फाटकावरून पुढं जायचे. एकदा थांबून हळूच म्हणाले, “लातूरचं काय न्हाई गं आज बी.” मी त्यांना दुरुस्त केलं नाही. आई शहाजिऱ्याची पुडी उघडायची आणि तशीच बंद करायची.

मग सप्टेंबरात बाबा दवाखान्यातून भर दुपारी धावत आले. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. “अगं, रेडिओवर सांगितलं! आपल्या सरकारनं मान्यता दिली. तिन्ही देशांना!” आई चुलीपुढून उठली. “आन इलायची?” त्याचं उत्तर महिनाअखेरीस आलं, पाकिटावर नवाकोरा देश आणि आत एकच वाक्य, ‘आम्ही सगळे आहोत.’ पण त्याच्या आधी सतरा सप्टेंबर आला.

मी दहावीत होते. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, कदम सर उठले. आम्ही हसायच्या तयारीतच होतो. पण सरांनी हात उंच केला नाही.

“यंदा माझी गोष्ट न्हाई,” ते म्हणाले. “गेल्या आठवड्यात दिल्लीनं लातविया नावाच्या देशाला मान्यता दिली. दिल्लीला उशीर झाला. हदगावनं ती दोन वर्षं आधीच दिली होती. इथल्या एका पोरीनं. आणि तिला गप्प बसवणारा मी. ज्याच्या पाटीवरचं पुसलं, त्यानंच दुसऱ्याचं पुसायला सांगितलं.”

सरांनी शिपायाकरवी एक छापील नकाशा आणवला. छापणाऱ्यांपर्यंत बातमी पोचलेली नव्हती. सगळं अजून गुलाबीच होतं. त्यावर सरांनी स्वतः तीन देश तीन रंगांत रंगवले होते आणि त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात नावं घातली होती. मला पुढं बोलावलं. खिशातलं लाल पेन काढून माझ्या हातात दिलं.

“तपास.”

आख्खी शाळा बघत होती. मी वाकले. सरांनी मधल्या देशावर लिथुएनिया लिहिलं होतं आणि खालच्यावर लातविया. आता काय करू? एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर उभा, आणि त्याला पुन्हा चूक म्हणू? बरोबर म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? हेच, अगदी हेच मला दोन वर्षांपूर्वी वाटलं होतं.

“सर,” मी नकाशावर बोट ठेवलं, “लातविया… मधी हाय. खाली लिथुएनिया.”

सर पुढं आले. चष्मा काढला, पुसला, घातला, नकाशाला नाक लावून बघितलं. आणि मग ते असे हसले, असे हसले की त्यांची टोपी पडली.

“अगं, मग काप की मार्क! बघत काय बसलीस?”

मी नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं, दहापैकी नऊ, आणि खाली सही केली. मागच्या बाकावरच्या त्याच पोरी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होत्या. सरांनी आपल्या हातानं मला बुंदीचे दोन द्रोण दिले. मी दोन्ही संपवले.

रिगात नदीकाठच्या बाकावर बसून मी इल्झेला हे सगळं सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पत्रात लिहायला माझं इंग्रजी पुरलं नव्हतं. तिनं आधी डोळे पुसले, आणि मग ती कमरेवर हात ठेवून माझ्यावर उखडली.

“आम्हाला शेजाऱ्याच्या घरात टाकलं, आणि तू एकच मार्क कापलास?”

“अगं, सर होते ते,” मी म्हणाले. “तो एक कापायलाच मला दोन वर्षं लागली.”